रात्री लाईट लावली की गाडी गरम: जुन्या गाडीच्या खोट्या काट्यांचं एक प्रकरण

गाडी १९९७ सालची, कार्बुरेटरवाली, तीन सिलिंडरची छोटी हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जे झालं त्यात दोष कंपनीचा नाही, वयाचा आणि साताऱ्याच्या पावसाचा आहे, आणि ओळखणारे तसंही ओळखतीलच. मालक म्हणजे आमच्या गल्लीतले काका, शाळेतून रिटायर झालेले, गाडी शोरूममधून बाहेर पडली तेव्हापासून त्यांच्याचकडे.

तक्रार त्यांच्याच शब्दात सांगतो. "अरे दिवसा गाडी एकदम व्यवस्थित असते बघ. काटा मधल्या रेषेच्या जरा खाली उभा. पण रात्री चालवायला घेतली की चढत चढत लाल पट्टीपाशी जातो. आणि पेट्रोलचं तर काय सांगू, दिवसा पाऊण टाकी दाखवणारी गाडी रात्री फुल्ल दाखवते, म्हणजे रात्री ती स्वतः पेट्रोल तयार करते." हे ते हसत सांगत होते, पण आठवड्यापूर्वी पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटात चढावर गाडी बंद पडली होती तेव्हा हसले नव्हते. रात्रीची वेळ, मागे ट्रकची रांग, काकू शेजारी, आणि काटा पाव टाकीच्या आसपास. टाकीत थेंब नव्हता. (ज्यांना रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी, तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे येताना घाट चढावा लागायचा, बोगदा साताऱ्याहून पुण्याला जातानाच्या बाजूला होता.)

त्यावर आधी काय काय झालं होतं ते लिहिणं गरजेचं आहे कारण असल्या प्रकरणात निम्मा गोंधळ आधीच्या रिपेअरने घातलेला असतो. गरम होतेय म्हणल्यावर कूलंट बदललं, रेडिएटर उतरवून साफ केला, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. हा आपल्याकडचा आवडता इलाज आहे, गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढा, आणि मग थंडीत इंजिन वीस मिनिटं गरमच होत नाही, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त पितं. मग टेंपरेचरचा सेंसर नवीन टाकला. मग पेट्रोलच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे पातळी सांगणारा तरंगता सेंसर, नवीन टाकला, लोकल मेकचा. आणि शेवटी सांगण्यात आलं की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलेली असणार, इंजिन खोलावं लागेल. तिथे काका थांबले आणि माझ्याकडे आले. मी मेकॅनिक नाही, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय आणि जुन्या गाड्यांच्या वायरिंगचा नाद आहे, एवढंच.

गॅरेजवाल्यांना नावं ठेवायची नाहीत, कारण त्यांनी प्रत्येक वेळी गाडी दिवसा बघितली. दिवसा काटा ठीकच असतो. दहा ते सात गॅरेज उघडं, लाईट लावून टेस्ट राईड कोण घेणार.

मला या सगळ्यात दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे रात्री हवा गार असते, साताऱ्यात तर उन्हाळ्यातही रात्री चांगला फरक पडतो, म्हणजे इंजिन खरंच गरम होत असेल तर ते दुपारी व्हायला पाहिजे. यावर काकांना आधीच एक उत्तर मिळालेलं होतं की लाईटचा लोड इंजिनवर येतो. ऐकायला बरं वाटतं, पण हिशोब करून बघा. दोन हेडलाईट, टेललाईट, मीटरचे दिवे सगळं मिळून दीडशे वॅटच्या आसपास. अल्टरनेटर सगळी ताकद विजेत बदलत नाही, साधारण निम्मी वाया जाते, म्हणून इंजिनवर तीनशे वॅट धरा, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरपेक्षाही कमी. साठच्या स्पीडला ही गाडी नुसती रस्त्यावर पळायला त्याच्या कितीतरी पट ताकद घेते. तेवढ्याने काटा लाल पट्टीला लागत असेल तर एक जादा माणूस बसवून घाट चढताना रेडिएटर फुटायला पाहिजे होता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टेंपरेचर आणि पेट्रोल या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एक सेंसर इंजिनवर, पाण्यात बुडालेला, दुसरा गाडीच्या मागच्या टोकाला पेट्रोलमध्ये. तरी दोन्ही काटे एकाच वेळी चुकतात आणि दोन्ही एकाच दिशेने, वर. म्हणजे दोन वेगळे सेंसर एकाच वेळी बिघडले असं मानण्यापेक्षा दोघांमध्ये जे कॉमन आहे तिथे बघायचं. आणि काकांच्या सगळ्या खर्चाचं कारण माझ्या मते हेच, की दोन तक्रारी दोन वेगळ्या बिलांवर लिहिल्या गेल्या. टेंपरेचर कूलंटवाल्याकडे, पेट्रोल फ्लोटवाल्याकडे. दोन्ही काटे शेजारी शेजारी ठेवून कुणी बघितलंच नाही.

कॉमन काय असतं ते समजायला हे जुने मीटर चालतात कसे ते थोडं बघायला लागतं. यात काट्याला जोडलेली एक बायमेटलची पट्टी असते, म्हणजे दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, आणि तिच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून करंट गेला की पट्टी तापते, वाकते, काटा हलतो. म्हणून हे काटे इग्निशन चालू केल्यावर झटकन उभे राहत नाहीत, सावकाश चढतात, आणि रस्त्यावर टाकीत पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही. करंट किती जाणार ते सेंसर ठरवतो. टाकी भरलेली असेल तर फ्लोटचा रेझिस्टन्स कमी, करंट जास्त, काटा वर. टाकी रिकामी तर रेझिस्टन्स शंभर ओहमच्या पुढे, करंट कमी, काटा खाली. टेंपरेचरचा सेंसर थर्मिस्टर असतो, पाणी तापलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. थोडक्यात काटा पेट्रोल मोजत नाही आणि तापमानही मोजत नाही, तो फक्त स्वतःतून जाणारा करंट मोजतो. (सगळ्या गाड्यांचं असं नसतं. जुन्या अमेरिकन जीएमच्या गाड्यांत रिकामी टाकी म्हणजे शून्य ओहम आणि फुल्ल म्हणजे नव्वद, बरोब्बर उलटं. कुठून तरी मिळालेला फ्लोट घालण्याआधी हे बघावं.)

आता बॅटरीचं व्होल्टेज काही स्थिर नसतं. इंजिन बंद असताना १२ च्या वर थोडं, चालू असताना १४ पर्यंत. तसंच थेट दिलं तर अल्टरनेटरबरोबर काटे पण वर-खाली होतील. म्हणून मीटरच्या आत एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तो सरासरी १० व्होल्ट देतो, या गाडीसारख्या जपानी पद्धतीच्या मीटरमध्ये ७ च्या आसपास. हा रेग्युलेटर पण बायमेटलचाच. त्याच्या आत एक हीटर आणि एक काँटॅक्ट, काँटॅक्ट जोडला की हीटर तापतो, पट्टी वाकते, काँटॅक्ट सुटतो, गार झाला की परत जोडतो, असं दिवसभर चालू. सरासरी ७ व्होल्ट बाहेर पडतात. पण तो हीटर चालायला त्याला अर्थ लागतो, म्हणजे करंटला गाडीच्या बॉडीवरून बॅटरीच्या मायनसकडे परत जायचा रस्ता. अर्थ बिघडला की हीटर पुरेसा तापत नाही, काँटॅक्ट जास्त वेळ जोडलेला राहतो, आणि सरासरी व्होल्टेज वाढतं. अर्थ पूर्ण तुटला तर अख्खं बॅटरीचं व्होल्टेज दोन्ही मीटरला जातं. दोन्हीला. दोन्ही काटे वर.

आणि मीटरच्या पाठीमागचे दिवे, जे लाईट लावल्यावर लागतात, ते त्याच अर्थवरून परत जातात.

इथे मला जवळजवळ खात्री पटली होती पण नुसत्या विचारावर काही खोलायचं नाही म्हणून आधी इंजिन खरंच किती गरम होतं ते बघून घेतलं. इन्फ्रारेड थर्मामीटर हल्ली हजार-दीड हजारात मिळतो. एक लक्षात ठेवा, चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मामीटर बराच कमी आकडा दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा, तो धातूइतका तापू द्यायचा आणि त्याच्यावर नेम धरायचा. आधी नवीन थर्मोस्टॅट बसवून घेतला, कारण तो नसताना कुठलाच आकडा खात्रीचा नव्हता. मग दिवसाढवळ्या गाडी घराबाहेर चालू ठेवली, फॅन एकदा लागून बंद होऊ दिला. टेपवर ८६ डिग्री. काटा मधल्या रेषेच्या खाली.

"काका, आता हेडलाईट लावा."

"दिवसा?"

"लावा तुम्ही."

दोन मिनिटं काही नाही, मग दोन्ही काटे सावकाश एकत्र वर सरकायला लागले. टेंपरेचरचा लाल पट्टीच्या तोंडाशी जाऊन थांबला, पेट्रोलचा अर्ध्यावरून बराच पुढे गेला. टेपवर अजूनही ८६, फार तर ८७. लाईट बंद केली, काटे परत खाली. काकांनी स्वतः तीनदा स्विच खालीवर करून बघितलं आणि मग एवढंच म्हणाले की म्हणजे मी उगाच हायवेला हॉटेलात थांबून चहा पीत होतो.

हेड गॅस्केटचा विषय इथेच संपला. हे करायला एक पाना सुद्धा लागला नाही, म्हणून मी म्हणतो की काटा चुकतोय असा संशय आला की गाडी जागेवर उभी करून एकेक लोड लावून बघा, लाईट, वायपर, ब्लोअर, इंडिकेटर, मागची काच गरम करायची तार असेल तर ती. ज्या स्विचवर काटा हलेल त्या स्विचचा आणि मीटरचा रस्ता कुठेतरी एक आहे. इंडिकेटरच्या ठेक्यावर काटा थरथरत असेल तर तीच गोष्ट. अजून एक खूण नंतर लक्षात आली, मीटरचे दिवे इतके मंद लागत होते की रात्री स्पीड वाचता येत नव्हता, काकांना ते वयाने डोळे कमी झालेत असं वाटत होतं.

मीटर बाहेर काढणं या गाडीत सोपं आहे, वरचे स्क्रू, मग मागे हात घालून स्पीडोमीटरच्या केबलचं लॉक दाबून सोडवायचं, आणि कपलर (वायरींचा प्लग) न काढता मीटर पुढे ओढायचं. प्लास्टिक आता पंचवीस वर्षांच्या पुढचं आहे, उन्हात वाळलेलं, लॉकच्या पाकळ्या हिसका दिला की तुटतात आणि मग नवीन मिळत नाहीत, म्हणून घाई नाही.

मापं अशी. मल्टिमीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला, लांब वायर जोडून, कारण डॅशबोर्डखालच्या कुठल्यातरी बोल्टला लावली तर आपण चुकीच्या अर्थवरूनच मोजत बसू. लाल वायर मीटरच्या अर्थच्या पिनवर. बरोबर असेल तर इथे शून्याच्या जवळ यायला पाहिजे. लाईट बंद असताना ०.५ व्होल्ट आले. लाईट लावल्यावर ३ व्होल्ट. म्हणजे जी जागा अर्थ म्हणून धरलीय ती स्वतःच ३ व्होल्टवर उभी होती, आणि रेग्युलेटर ते ३ व्होल्ट म्हणजेच शून्य असं समजून काम करत होता. मीटरच्या दिव्यांना पण साडेतेराच्या जागी साडेदहा मिळत होते, म्हणून ते मंद.

रेग्युलेटरचं आउटपुट मोजताना एक गंमत आहे. डिजिटल मल्टिमीटर इथे वेड्यासारखा आकडे उडवतो, कधी ०, कधी १३, कारण काँटॅक्ट उघडबंद होत असतो. काही जण हे बघून रेग्युलेटर गेला म्हणून बदलायला निघतात. माझ्याकडे कॉलेजच्या दिवसातला काट्याचा मल्टिमीटर आहे, तो अशा ठिकाणी उपयोगी, काटा मध्यावर डुलत राहतो आणि सरासरी डोळ्याला कळते. लाईट बंद, साताच्या जरा वर. लाईट चालू, नऊच्या आसपास. ७ च्या जागी ९ म्हणजे करंट पण त्याच प्रमाणात जास्त, आणि एवढ्याने टेंपरेचरचा मधला काटा लाल पट्टीला आणि रिकाम्या टाकीचा काटा पाव टाकीपर्यंत जातो. खंबाटकी घाटातला पाव टाकीचा हिशोब इथे लागला.

काळी वायर शोधत गेलो तर ती डॅशबोर्डच्या आतल्या एका ब्रॅकेटला बोल्टने बसवलेली, पुढच्या काचेच्या कोपऱ्याच्या बरोबर खाली. काचेचं रबर कडक होऊन एका बाजूला उचललेलं होतं, पावसाचं पाणी तिथून आत उतरत होतं, बहुतेक कित्येक पावसाळे. बोल्ट गंजलेला, थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) हिरवं पडलेलं, ब्रॅकेटचा रंग फुगून सुटलेला. हाताने हलवलं तर काटे हलले, इतकं ते सैल होतं.

दुरुस्ती सांगण्यासारखी काही मोठी नाही. बॅटरीचा मायनस काढला, वायर थोडी मागे कापून चांगलं तांबं लागेपर्यंत सोलली, नवीन थिंबल क्रिंप करून, ब्रॅकेट पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासला, दाते असलेला वॉशर टाकून नवीन बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली. शिवाय मीटरच्या अर्थच्या पिनवरून एक वेगळी दीड एमएमची वायर काढून ती दुसऱ्या ठिकाणी, जिथे पाणी पोचत नाही अशा बॉडीच्या बोल्टला बसवली. ही जादा वायर मी जुन्या गाडीत कायम टाकतो, वीस-तीस रुपयाचा प्रश्न आहे. काचेचं रबर नंतर काचवाल्याकडे बदलून घेतलं, ते केलं नसतं तर दोन पावसाळ्यात परत तेच.

नंतर लाईट लावून अर्थवर मोजलं तर ०.०४ व्होल्ट. रेग्युलेटरचा काटा सातवर, लाईट लावा नाहीतर काढा. रेग्युलेटर मुळात चांगलाच होता, बदलला नाही. काही जण त्याच्या जागी आयसी बसवतात, ब्रिटिश गाड्यांसाठी ७८१० आयसी त्यासाठीच वापरतात, चालतो पण तो. इथे गरज नव्हती.

मीटर आता खरं बोलतंय का याची एक स्वस्त तपासणी म्हणजे फ्लोटच्या जागी साधे रेझिस्टर लावून बघायचं. टाकीकडे जाणारं कपलर सोडवलं आणि मीटरच्या वायरला शंभर ओहम लावून दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला, काटा रिकाम्याच्या खुणेच्या थोडा वर. तेहतीस ओहम लावला, अर्ध्यावर. एक वॅटचे घ्या, पाव वॅटचे गरम होतात. आणि ती वायर नुसती बॉडीला टेकवून "काटा फुल्ल जातो का" बघायची जी पद्धत वायरमन लोकांत आहे ती दोन-चार सेकंदापुरती ठीक आहे, पण तशीच धरून ठेवली तर मीटरचं वेटोळं जळू शकतं आणि असले मीटर आता भंगारातच शोधावे लागतात. हे सगळं टाकीपासून लांब, वास येत नाही अशा जागी, ठिणगीचा विषय आहे.

इथे प्रकरण संपायला पाहिजे होतं. पण काही दिवसांनी काकांचा फोन, "अरे आता उलटंच झालं. टाकी फुल्ल केली आणि काटा पाऊणच दाखवतो. रात्री पण पाऊणच." मला हे अपेक्षित नव्हतं असं नाही, कारण पहिल्या दिवशीच ते म्हणाले होते की दिवसा पाऊण दाखवते. रात्रीची चूक इतकी मोठी होती की दिवसाची छोटी चूक नॉर्मल वाटायला लागली होती. म्हणजे दोन दोष होते, एक काटा वर ढकलणारा आणि एक खाली ओढणारा, आणि रात्री पहिला जिंकत होता.

यावेळी टेंपरेचरचा काटा बरोबर होता, चुकत होता एकटा पेट्रोलचा, म्हणजे कॉमन जागा सोडून द्यायची आणि फक्त टाकीच्या लाईनवर बघायचं. तीनच शक्यता, फ्लोट स्वतः चुकीच्या रेंजचा (लोकल मेक असल्याने माझा पहिला संशय तोच), वायर मध्ये कुठे कुजलेली, नाहीतर फ्लोटचा अर्थ. टाकी फुल्ल असताना, चावी बंद ठेवून, कपलरवर ओहम मोजले. फ्लोटच्या सिग्नलपासून गाडीच्या बॉडीपर्यंत १६ ओहम. फ्लोटच्या सिग्नलपासून फ्लोटच्याच काळ्या वायरपर्यंत ४ ओहम. फ्लोट चांगला आहे, लोकल मेकची उगाच बदनामी. मधले १२ ओहम काळ्या वायरपासून बॉडीपर्यंतच्या रस्त्यात अडकलेले. टाकी भरलेली असताना ४ च्या जागी १६ ओहम दिसले की मीटरला वाटतं टाकीत थोडं कमी आहे. टाकी रिकामी असताना हेच १२ ओहम शंभराच्या पुढे मिळवले तर काही खास फरक पडत नाही, म्हणून ही चूक वरच्या बाजूला मोठी आणि खालच्या बाजूला छोटी दिसते. फुल्लला पाऊण पण रिकाम्याला रिकामंच, असं लक्षण दिसलं तर फ्लोट उतरवण्याआधी त्याच्या अर्थवर जा.

बोल्ट डिकीच्या खालच्या पत्र्यात, चिखल उडतो त्या बाजूला. तेच सगळं परत, घासणं, थिंबल, वॉशर, वरून जाड ग्रीस. चावी सुरू करायच्या आधी परत मोजलं तर दोन्ही आकडे सारखे. फुल्लला फुल्ल.

इंजिनचा अर्थ पण एकदा बघून घेतला, कारण तिथेही असंच होऊ शकतं. टेंपरेचरचा सेंसर इंजिनच्या धातूवरूनच अर्थ घेतो, इंजिनपासून बॉडीपर्यंतची पट्टी सैल असेल तर काटा कमी दाखवतो, आणि हा दोष जास्त धोक्याचा, कारण इंजिन उकळत असताना काटा निवांत असतो. नवीन सेंसर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळलेली दिसली. पाणी गळू नये म्हणून करतात, पण जास्त झाली तर सेंसरचा अर्थ तुटतो. इथे सेंसरची बॉडी ते बॅटरी मायनस ०.३ ओहम आला, आटे टेप कापून धातूला लागले होते, म्हणून हात लावला नाही.

उरला स्पीडोमीटर. ही तक्रार काकांच्या मुलाची, तो पुण्याला असतो, मोबाईलवर जीपीएसचा स्पीड लावून बसतो. त्याचं म्हणणं काटा कमी दाखवतो आणि तीस-चाळीसला हलतो. हलणं म्हणजे केबलचं काम. गिअरबॉक्सकडून येणारी, चाकांबरोबर फिरणारी ही केबल आतल्या चुंबकाला फिरवते, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, तिला स्प्रिंग, वाटी ओढली जाते तेवढा काटा फिरतो. केबल कोरडी पडली की ती सलग न फिरता अडकत-सुटत फिरते आणि काटा नाचतो. आतली केबल ओढून काढली, पुसली, खालच्या दोन-तृतीयांश भागाला हलकं ग्रीस लावलं. वरच्या टोकाला लावायचं नाही, ते ग्रीस फिरत फिरत वर चढतं आणि मीटरमध्ये वाटीला चिकटतं. आत घालताना केबलला कुठे तीव्र वळण नाही ना ते बघितलं. नाचणं थांबलं.

कमी दाखवण्याचं कारण मात्र मीटरमध्ये नव्हतंच. काकांच्या मुलानेच दोन वर्षांपूर्वी मूळचे बारा इंची टायर काढून तेरा इंची टायर अलॉयच्या चाकांसकट टाकले होते. १४५/७० आर १२ चा व्यास साधारण ५०८ मिमी, १४५/७० आर १३ चा ५३३. पाच टक्के मोठं चाक, म्हणजे तेवढ्याच अंतराला पाच टक्के कमी फेरे, आणि केबल फेरेच मोजते. कंपन्या स्पीडोमीटर मुळात जरा जास्त दाखवेल असाच बनवतात. यूएनचा ३९ नंबरचा रेग्युलेशन तर सांगतो की खऱ्या स्पीडपेक्षा कमी अजिबात दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या स्पीडच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत चालेल, म्हणजे खऱ्या ८० ला ९२ पर्यंत. ती मुळातली जादा चूक या मोठ्या चाकांनी खाऊन टाकली आणि थोडी उलट्या बाजूला गेली, काटा ६० ला असताना जीपीएस ६१ दाखवतो. तो कमी दाखवतो हे खरं, पण आधी जास्त दाखवत होता हे कुणी कधी मोजलं नव्हतं.

याचा दुसरा परिणाम काकांना जास्त लागला. ओडोमीटर दातेरी चाकांवर चालतो, त्याच्यात चुंबकाची चूक नसते, पण चाकाच्या फेऱ्यांची असते, म्हणून गाडी १०० किलोमीटर गेली की तो ९५ मोजतो. अलॉय टाकल्यापासून ॲव्हरेज पडलं म्हणून ते मुलाला बोलत होते, १६ च देते म्हणत होते. त्यातला काही भाग थर्मोस्टॅट नसल्याचा असणार, आणि पाच टक्के निव्वळ मोजण्यातले, खरे पावणेसतरा येत होते. केबलला गिअर लावून हे सुधारता येतं पण अडीच दशकाच्या गाडीला कुणी तो खटाटोप करत नाही. मुलगा म्हणतो अलॉय राहू देत, काका म्हणतात हे टायर झिजले की बारा इंची परत बसवणार, तोपर्यंत पेट्रोलच्या वहीत प्रत्येक आकड्यात ते स्वतः पाच टक्के मिळवतायत.